देवरे मॅडमचा शिक्का

देवरे मॅडमचं नाव निघालं की आमच्या बॅचची मुलं आधी हसतात, मग एकेक करून गप्प होतात. मी हसत नाही. मी जास्त शहाणी आहे असं नाही. त्या हसण्याच्या शेवटी काय येतं ते मला इतरांपेक्षा थोडं जास्त माहीत आहे, एवढंच.

मॅडम आमच्या मेडिकल कॉलेजात त्वचाविभागात शिकवायच्या. मूळच्या सटाण्याकडच्या. नाशकात इतकी वर्षं काढूनही रागात किंवा लाडात आल्या की अहिराणी बाहेर पडायची. उंची कमी, चाल भरभर, गळ्यात स्टेथोस्कोपऐवजी लाल दोऱ्याला बांधलेलं एक भिंग. त्यांच्या ओपीडीत पेशंटसाठी खुर्ची होती आणि तिच्यासमोर जेवायला बसायचा असतो तसला एक लाकडी पाट. पाट पेशंटसाठी नव्हता, मॅडमसाठी होता. पेशंट केस गळतात म्हणून आलेला असो की मानेवर खाज सुटते म्हणून, मॅडम आधी खुर्चीतून उठून पाटावर बसायच्या आणि म्हणायच्या, “चप्पल काढा.”

मग त्या माणसाचा पाय आपल्या हातात घ्यायच्या, तळवा उजेडाकडे वळवायच्या, बोटांच्या फटी उघडून बघायच्या. खेड्यातली म्हातारी माणसं घाबरून पाय ओढून घ्यायची. डॉक्टरीणबाई आपल्या पायाशी बसली याचं त्यांना पाप वाटायचं. त्र्यंबकेश्वरचे एक आजोबा तर हात जोडून उभेच राहिले. मॅडम म्हणाल्या, “पाया पडत नाहीये बाबा, बघतेय. बसा.” आजोबा बसले, पण तपासणी संपेपर्यंत मॅडमच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटत आशीर्वाद देत राहिले. त्यांच्या डाव्या टाचेवर काळा डाग निघाला. मॅडमनी आम्हा चौघांना जवळ बोलावलं, भिंग लावलं, आम्हाला एकेक करून बघायला लावलं. शेवटी स्पिरिटचा बोळा घेऊन त्या जागी घासला, तर डाग बोळ्यावर आला. डांबर होतं. आजोबा नव्या रस्त्यावरून अनवाणी चालत आले होते.

आम्ही हसू दाबलं ते कॅन्टीनला पोचेपर्यंत. त्या दिवसापासून ओंकारने, म्हणजे माझ्या बॅचमेटने, त्यांना ‘डांबर मॅडम’ असं नाव ठेवलं. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र लाज दिसली नव्हती. बोळा बादलीत टाकत त्या म्हणाल्या होत्या, “छान झालं. घासून निघालं ते चांगलंच.” आणि पुढच्या पेशंटला म्हणाल्या होत्या, “चप्पल काढा.”

त्यांचा एकच प्रश्न असायचा. आम्ही रोगाचं नाव सांगायला धडपडायचो, त्या हात वर करायच्या. “नाव मागून. देखं का?” म्हणजे पाहिलंस का. पाहिलं म्हटलं की, “काय देखं ते सांग.” रंग, कड, ओल, वास, हाताला कसं लागतं. हे सांगता आलं नाही तर नाव बरोबर असूनही मार्क नाहीत. व्हायवाला मुलं त्यांच्या टेबलावर नंबर लागू नये म्हणून देवाला साकडं घालायची.

त्वचेच्या कर्करोगाला आमच्या वेळापत्रकात एक तास होता. एकच. तोही जेवणानंतरचा, परीक्षेच्या तोंडावरचा. त्यावर मोठा प्रश्न येत नाही हे वरच्या बॅचने सांगून ठेवलेलं. आम्ही अकरा जण होतो. मी गेले होते कारण मला तास बुडवायची भीती वाटायची. आमच्या घरातलं आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. तास बुडवल्यावर नक्की काय होतं हे विचारायलाही मला कुणी नव्हतं.

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “मॅडम, हा गोऱ्या लोकांचा आजार ना?”

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “त्यांना त्यांच्यासारखा होतो, आपल्याला आपल्यासारखा. पुस्तकातले फोटो त्यांचे आहेत. म्हणून आपला समोर आला तरी तुम्हाला कळत नाही.” मग त्यांनी सांगितलं की आपल्याकडे कुठे कुठे बघायचं. तळव्यावर, जिथे कुणी बघत नाही. जुन्या भाजल्याच्या व्रणावर, जिथे जखम झाली तरी लोक म्हणतात जुनंच आहे. आणि बायकांच्या कमरेवर. परकराची नाडी वर्षानुवर्षं एकाच जागी काचते, कातडी काळी पडते, मग पांढरी, मग चिरते. कधीतरी त्या चिरेतली जखम भरायची थांबते. “बाई सांगणार नाही,” मॅडम म्हणाल्या, “आणि तुम्ही विचारणार नाही.”

त्यानंतर त्यांनी सगळ्यांना बूट-मोजे काढायला लावले. प्रत्येकाने शेजाऱ्याचा तळवा बघायचा. वर्गात जो वास आणि जो गोंधळ झाला तो विचारू नका. माझ्या शेजारी कुणी नव्हतं, म्हणून मॅडम स्वतः आल्या. मी पाय बाकाखाली घेतले. माझ्या टाचांना भेगा होत्या, काही काळ्या झालेल्या, आणि मला त्या शहरातल्या मुलींना दिसू द्यायच्या नव्हत्या. मॅडमनी पाय हातात घेतला आणि एका भेगेवरून हळूच अंगठा फिरवला.

“आवणीला जातेस?” त्यांनी हळू आवाजात विचारलं. भातलावणीला आमच्याकडे आवणी म्हणतात, हे त्यांना माहीत होतं.

मी मान हलवली.

“कुठली?”

“हरसूलकडची.”

“मग तुला मी शिकवायला नको,” त्या म्हणाल्या. “कमरेचे पट्टे तू लहानपणापासून बघत असशील.”

ते खरं होतं. माझ्या आईच्या कमरेला तो काळा पट्टा आहे. काकूच्या आहे, मावशीच्या आहे. ओढ्यावर अंघोळ करताना मी प्रत्येक बाईच्या कमरेवर तो बघितला आहे. मॅडमना वाटलं की म्हणून मी तो ओळखेन. उलटं झालं. इतक्यांदा बघितल्यामुळे मला तो कधी आजार वाटलाच नाही. डोक्यावर केस असतात तसा कमरेला पट्टा असतो, असं माझ्या मनाने कधीच ठरवून टाकलं होतं.

आम्ही इंटर्न झालो त्या वर्षी मॅडमनी शिक्का बनवून घेतला. रविवार कारंज्याजवळच्या शिक्केवाल्याकडून त्या तो स्वतः घेऊन आल्या. त्यावर तीन शब्द आणि प्रत्येकापुढे एक चौकट: तळवे, कंबर, जुना व्रण. खाली लहान अक्षरांत ‘पाहिले’ आणि सहीसाठी रेघ. मेडिसिनच्या ओपीडीत येणाऱ्या प्रत्येक केस पेपरवर तो मारायचा आणि इंटर्नने बघून टिक करायची, एवढीच त्यांची मागणी. मीटिंगमध्ये त्यावर बरीच थट्टा झाली म्हणे. इथे लोक शुगरने, टीबीने मरतात, तुम्ही तळवे काय बघताय, असं कुणीतरी म्हणालं. मॅडम तीन मीटिंगा तेच बोलत राहिल्या. शेवटी मेडिसिनचे हेड सर कंटाळून हो म्हणाले.

शिक्का मराठीत का, असं मी विचारलं होतं, कारण आमचे बाकी सगळे शिक्के इंग्रजीत. मॅडम म्हणाल्या, “पेशंटला वाचता आलं पाहिजे. तो म्हणेल ना, डॉक्टर, हे बघायचं राहिलं.” असं बोलताना त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. आमच्या ओपीडीत येणाऱ्या बाया कागद उलटा धरायच्या. पण तेव्हा मी ते बोलले नाही.

पहिले चार-पाच दिवस आम्ही खरंच बघितलं. पण ओपीडीची रांग जिन्यापर्यंत जायची. बूट काढ, मोजा काढ, पडद्याआड जा, साडी सैल कर, यात मागचे लोक ओरडायला लागायचे. दुसऱ्या आठवड्यात ओंकारने युक्ती काढली. सकाळी चहा घेतानाच कोऱ्या पेपरांच्या गठ्ठ्यावर शिक्के मारायचे आणि तिन्ही चौकटींत टिक करून टाकायची. सही तेवढी पेशंट आला की. “बघून तरी काय निघणार? डांबर,” तो म्हणाला. सगळे हसले. मीही गठ्ठा पुढे ओढला. चहाचा कप एका हातात आणि दुसऱ्या हाताने टिक, टिक, टिक.

मॅडमना हे कळलं नाही. दर शनिवारी दुपारी त्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन तिथे ठेवलेल्या केस पेपरच्या झेरॉक्स प्रती चाळायच्या. एकदा त्यांनी मला सोबत नेलं. धुळीत उभ्या राहून, भिंग पाठीवर टाकून, त्या पानामागून पान उलटत होत्या आणि प्रत्येक पानावर तीन टिका होत्या.

“सगळे बघताहेत गं, भोये,” त्या मला आडनावाने हाक मारत म्हणाल्या. “मला वाटलं नव्हतं.”

मी त्यांच्यासाठी वरच्या फळीवरचा पुढचा गठ्ठा काढून दिला.

चांगुणाबाई त्याच दिवसांत आल्या. पन्नाशीच्या आसपासच्या, आमच्याच डोंगरपट्ट्यातल्या. दर हंगामाला दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत कामाला जायच्या. खोकला होता म्हणून आल्या होत्या. माझं आडनाव ॲप्रनवरच्या पाटीवर वाचून कुणीतरी त्यांना सांगितलं असावं, कारण खुर्चीत बसल्या बसल्या त्या आमच्या बोलीत सुरू झाल्या. तू कुणाची, कोणत्या पाड्याची, तुझा मामा तो बाजाराला कोंबड्या आणतो तो का. मोठ्याने. शेजारच्या टेबलावर ओंकार होता, दोन शहरातल्या मुली होत्या. इतक्या वर्षांत मी तिथे एकदाही त्या बोलीत बोलले नव्हते. मी पुस्तकातल्या मराठीत उत्तरं दिली. छाती तपासली, औषध लिहिलं. मला त्यांनी लवकर उठावं असं वाटत होतं.

उठता उठता त्या म्हणाल्या, “कमरेला नाडी लय काचते पोरी. झोंबतंय.”

“नाडी सैल बांधा,” मी म्हणाले. “मलम लिहून देते.”

“सैल बांधली तर वाकून काम कसं व्हायचं?” त्या हसून म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या कागदावर टिका सकाळीच झाल्या होत्या. मी खाली सही केली.

पुढच्या दोन्ही वेळी त्या आल्या तेव्हा मी दुसऱ्या विभागात होते. त्यांना दोन वेगळे इंटर्न भेटले, दोन वेगळ्या महिन्यांत, त्यातला एक ओंकार. ते मला नंतर कळलं.

सात-आठ महिन्यांनी मी त्वचाविभागात होते. मॅडम पाटावर, समोर चांगुणाबाई. मी ओळखलं, त्यांनीही ओळखलं आणि हसल्या. मॅडमनी पडदा ओढला आणि नाडी सोडायला सांगितली. नाडीच्या जागी, उजव्या बाजूला, फुलकोबीसारखं काहीतरी वाढलं होतं. वास पडद्याबाहेरही येत होता. मॅडमनी जांघेत बोटं ठेवली आणि तिथेच थांबल्या. मग माझी बोटं धरून त्या जागी ठेवली. गाठी घट्ट होत्या, हलत नव्हत्या.

“कधीपासून आहे?” मॅडमनी विचारलं.

“लय दिवस झालं. मलम लावते ना मी,” चांगुणाबाई म्हणाल्या, आणि पदराखालच्या प्लास्टिकच्या पिशवीतून नीट घडी घातलेले कागद काढून दिले. एकही कागद त्यांनी हरवला नव्हता.

त्यांना तपासणीसाठी तुकडा काढायच्या खोलीत पाठवल्यावर मॅडमनी ते कागद टेबलावर ओळीने मांडले. तीन कागद, नऊ टिका. दुसरा आणि तिसरा वाचताना त्यांचा ओठ दाताखाली होता. पहिल्यावर त्या थांबल्या.

“ही तुझी सही ना?”

“हो मॅडम.”

मी ‘देखं’ या अहिराणी शब्दाची वाट बघत होते. त्यांनी तो वापरला नाही. सरळ, परक्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, “कंबर पाहिली होती का तुम्ही?”

“नाही.”

“मग टिक?”

“सकाळी केली होती.” मी म्हणाले. “आम्ही सकाळीच करायचो. सगळ्या कागदांवर.”

त्यांनी कागदावरची नजर माझ्याकडे वळवली. मी एकटी चुकले असते तर त्या रागावल्या असत्या, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. पण मी ‘सगळ्या’ म्हणाले होते. रेकॉर्ड रूममधले ते सगळे शनिवार त्यांच्या डोळ्यांपुढून जात असावेत.

“दुसऱ्या वेळी ज्याने तपासलं,” त्या म्हणाल्या, “त्याने आधीचा कागद बघितला असेल. कंबर पाहिलेली आहे असं त्यावर लिहिलेलं होतं. मग तो कशाला बघेल? तिसऱ्यानेही तेच.” त्यांनी पहिला कागद उचलला आणि परत ठेवला. “शिक्का नसता तर कदाचित एखाद्याने बघितलं असतं.”

मला माफी मागायची होती. पण मॅडम तोपर्यंत उठून हात धुवायला गेल्या होत्या.

चांगुणाबाईंचं ऑपरेशन झालं. मांडीची कातडी काढून कमरेला लावली. मी रोज संध्याकाळी वॉर्डात जायचे आणि आमच्या बोलीत बोलायचे, आता ते कुणी ऐकलं तरी चालत होतं. त्यांना आनंद व्हायचा. मी तुझ्या आईला सांगेन म्हणायच्या, पोरगी लय मायेची हाय. त्यांना काय झालं ते मी त्यांना सांगितलं. त्यात माझा भाग कोणता तेवढं सांगितलं नाही. जांघेतल्या गाठी परत आल्या. आवणीच्या आधी त्या गेल्या. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा त्यांच्या मुलाने हरसूलच्या बाजारात मला गाठून सांगितलं आणि वर म्हणाला, तुम्ही लय केलं ताई.

त्या सुट्टीत मी आईला म्हणाले, कमर दाखव. ती भाकरी थापत होती. म्हणाली, सगळ्याच बायांना असतं ते, तुला काय नवीन? मी हट्ट केला तर चिडली. अजून तिने दाखवलेली नाही.

मॅडमनी शिक्का बंद केला. कुणाची तक्रार केली नाही, मीटिंगमध्ये विषय काढला नाही. ओंकारला आणि दुसऱ्या मुलाला बोलावलं नाही. मेडिसिनच्या ओपीडीत जाऊन त्यांनी तो ड्रॉवरमधून उचलला आणि ॲप्रनच्या खिशात टाकून निघून गेल्या. आठवडाभर आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. नवीन बॅचचा तो एक तास त्यांनी घेतला, पण मुलं सांगत होती की कुणालाही बूट काढायला लावले नाहीत. स्लाइड वाचून दाखवल्या. फोटो पुस्तकातलेच होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते इंटर्नशिप संपायच्या आठवड्यात. एका फॉर्मवर त्यांची सही हवी होती. दारात थांबले, कारण आत पेशंट होता. सातपूरला मशीनवर काम करणारा, तिशीचा माणूस, पायात कंपनीचे जाड बूट. हातांना तेलाने खाज सुटते म्हणून आला होता. मॅडमनी त्याचे हात बघितले. मग लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, “पायाला, अंगाला आणखी कुठे काही?”

“नाही मॅडम.”

त्यांनी तसं लिहिलं. पाट भिंतीला टेकवून उभा होता. त्याच्यापुढे जुन्या फायली रचल्या होत्या.

माझ्या फॉर्मवर सही झाली. मॅडम म्हणाल्या, “चांगलं काम कर,” आणि तेवढंच म्हणाल्या. मी बाहेर आले तर तो माणूस जिन्याजवळ कागदाची घडी घालत होता. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी त्याला थांबवलं. बूट काढून एकदा तळवे दाखवता का, असं विचारलं. बाकावर बसा, दोन मिनिटं लागतील, म्हणाले.

तो संकोचला. त्याने घड्याळाकडे बघितलं, सेकंड शिफ्ट होती. मग मला समजावल्यासारखं हसला.

“मॅडमनी पाहिलंय की सगळं,” तो म्हणाला, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरला.

मी मागे वळले. उघड्या दारातून मॅडम दिसत होत्या. पुढची बाई खुर्चीत येऊन बसली होती, चपला घालूनच. मॅडमनी तिचा कागद ओढून घेतला होता आणि त्या लिहायला लागल्या होत्या.